गोधडी चांगली की वाईट?

गोधडी म्हटलं की मराठी लेखन लगेच आईकडे धावतं. मग तिच्या हाताची ऊब येते, जुन्या लुगड्याचा वास येतो आणि पुढच्या दोन ओळींत डोळे ओले होतात. डॉ. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शालेय पाठ्यपुस्तकातून आपल्यापैकी अनेकांपर्यंत पोचली. घरातल्या माणसांचे जुने कपडे आणि त्यांची माया एकत्र शिवली जाते, हे आपण तिथे शिकलो. कविता साधी आहे, खरी आहे. माझी तक्रार तिच्याशी नाही. तिच्यानंतर जे शेकडो ललित लेख, स्टेटस आणि मातृदिनाच्या पोस्टी आल्या, त्यांच्याशी आहे. त्या सगळ्यांत गोधडी एकच आहे. तुमची, माझी, कुणाचीही. रंग सांगितला जात नाही, टाका सांगितला जात नाही, किती दिवस लागले ते तर नाहीच.

एक साधा प्रश्न विचारून बघा. तुम्ही वाचलेल्या एखाद्या तरी लेखात गोधडी वाईट शिवलेली होती का? पैठणीबद्दल बोलताना आपण काठ बघतो, पदरावरचा मोर बघतो, जर खरी की खोटी ते विचारतो. गोधडीबद्दल बोलताना मात्र फक्त गहिवरतो. जिथे वाईट काही असूच शकत नाही, तिथे चांगलं काय हेही कळत नाही. आणि यात नुकसान गोधडीचं कमी, शिवणाऱ्या बाईचं जास्त होतं. तिचं कसब आपण ‘माया’ या खात्यात जमा करतो. मायेचा हिशोब मागायचा नसतो, तिचे दर ठरत नाहीत, आणि तिच्यात कुणी कुणापेक्षा सरस नसतं. म्हणजे स्तुती करता करता आपण तिच्या हातातलं कौशल्यच काढून घेतो.

ऊब की अंथरूण?

हे मला बल्लारपुरात नीट दिसतं, कारण इथे ‘ऊब’ हा शब्दच अर्धा लागू पडतो. चंद्रपूर-बल्लारपूरचा उन्हाळा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. डिसेंबर-जानेवारीत जंगलाकडून थंडी येते, तेव्हा गोधडी अंगावर येते. पण वर्षातले कितीतरी महिने ती अंगाखाली असते. उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात, खाटेवर ती अंथरली जाते. दिवसभर तापलेल्या स्लॅबपासून पाठ वाचवणं, घाम शोषून घेणं हे तिचं काम. इथे चांगली गोधडी म्हणजे गरम गोधडी नव्हे. चांगली म्हणजे सुती, घडी करून एका हातात उचलता येईल अशी, आणि धुतल्यावर संध्याकाळपर्यंत वाळणारी. गोधडीची एकच प्रतिमा सगळ्या महाराष्ट्राला पांघरली की हा फरक दिसेनासा होतो.

दुसरी गोष्ट नावांची. बल्लारपूर हे गोंड राजांच्या जुन्या राजधानीचं गाव, पण आजचं शहर घडलं ते १९४५ साली स्थापन झालेल्या कागद कारखान्यामुळे, कोळशाच्या खाणींमुळे आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बल्लारशाह जंक्शनमुळे. कामासाठी माणसं चारी दिशांनी आली आणि येताना आपापली अंथरुणं घेऊन आली. मराठी घरात गोधडी किंवा वाकळ, वऱ्हाडी वळणाच्या बोलीत वाकय. तेलुगू घरात बोंता. छत्तीसगढी घरात कथरी. गडचिरोलीकडे मुलचेरा-चामोर्शीच्या भागात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या आहेत, तिथे काँथा. कथरी आणि काँथा हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘कंथा’चे. ‘गोधडी, आपली मराठमोळी परंपरा’ असं लिहिणाऱ्यानं एकदा इथल्या एखाद्या चाळीत दुपारी वाळत घातलेल्या दोऱ्या बघाव्यात. कुठली गोधडी कुठल्या भाषेची, हे त्याला ओळखता यायचं नाही.

एक गोधडी वाचताना

आता एक गोधडी कवितेसारखी नीट वाचून बघू. ही माझ्या मोठ्या मावशीनं शिवलेली आहे. काका कागद कारखान्यात होते. वरचं आवरण एका निळ्या सुती साडीचं. आत दोन धोतरं, एक चादर, जुने टॉवेल. मधोमध खाकी कापडाचे चार चौकोन. हे काकांच्या कामाच्या पँटचे. गुडघ्याकडचा भाग विरलेला असतो, म्हणून तो टाकून मांडीचा भाग घेतलेला. कुठलं कापड किती झिजलंय आणि अजून किती वर्षं निघेल, हे बोटांनी चाचपून ठरवलेलं आहे. हा पहिला निर्णय, आणि तो भावनेचा नाही.

दुसरा निर्णय टाक्याचा. साधा धावदोरा, कडेकडून सुरू होऊन चौकोनी फेऱ्या घेत आत जाणारा. दोन ओळींत साधारण एका बोटाचं अंतर. हे अंतर वाढलं की दोन-चार धुण्यांत आतलं कापड सरकून गोळा होतं आणि झोपणाऱ्याच्या पाठीला टोचतं. कमी झालं की गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. शिवाय दोरा जास्त लागतो, दिवसही. म्हणजे टाक्यांचं अंतर हे मऊपणा, टिकाऊपणा आणि वेळ या तिघांतली तडजोड आहे. मावशीची तडजोड मला अचूक वाटते.

डाव्या कोपऱ्यात मात्र टाके अचानक लांब होतात आणि ओळ थोडी वर चढते. तिथे दुसरा हात आहे. मे महिन्याच्या सुट्टीत बहिणी माहेरी यायच्या. कुरड्या-पापड उरकले की दुपारी गोधडी अंथरली जायची आणि एकेक बाजू एकेकीकडे. तो कोपरा माझ्या आईचा. दोघी बहिणींच्या शिवणातला फरक अजून कापडावर वाचता येतो. मावशी संयमाची, आईला संपवायची घाई. ‘आईच्या मायेची गोधडी’ असं म्हणून मी हा कोपरा झाकला, तर मला आई कळणार नाही, गोधडीही नाही.

निळी साडी बोनसच्या दिवाळीत घेतलेली, हे मावशी सांगते. कारखान्याचा बोनस, त्यातून साडी, साडी विरल्यावर गोधडी. आणि या गोधडीची धाकटी बहीण म्हणजे उरलेल्या तुकड्यांचं दुपटं, जे मावसभावाच्या बारशाला पाळण्यात घातलं. घराचे सण या कापडातून असे एकामागून एक जातात. पण पुढच्या साड्या नायलॉन-पॉलिएस्टरच्या आल्या. त्या विरत नाहीत, घाम शोषत नाहीत, सुईखाली निसटतात. मावशीच्या नंतरच्या गोधड्या चकचकीत आहेत आणि निकृष्ट आहेत. हात तोच, मायाही तीच. बदललं ते कापड. हे वाक्य लिहिता येणं, म्हणजे गोधडीची समीक्षा करता येणं.

भिंतीवर टांगल्यावर

जगात हे आधी झालेलं आहे. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या छोट्या वस्तीतल्या काळ्या स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. त्यांतली एक गोधडी मिसुरी पेटवे यांनी १९४२ साली, नवरा वारल्यानंतर, त्याच्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली. बल्लारपुरातल्या खाकी चौकोनांचीच ही गोष्ट. फरक एवढाच की तिथे समीक्षकांनी रंगसंगतीवर, रचनेवर, सरळ रेषा मुद्दाम मोडण्यावर लिहिलं. ‘प्रेमळ’ म्हणून विषय संपवला नाही. पण टांगल्यानंतर दुसरा प्रश्न आला. २००७ मध्ये काही जणींनी मोबदल्याच्या आणि हक्कांच्या मुद्द्यावर कोर्टात दावे दाखल केले. पुढच्या वर्षी ती प्रकरणं मिटली. नुसतं कौतुक पुरत नाही, हिशोबही लागतो.

अॅलिस वॉकर यांची १९७३ची ‘एव्हरीडे यूज’ ही कथा या वादात नेहमी आठवली जाते. शिकलेल्या मुलीला आजीच्या गोधड्या भिंतीवर लावायच्या आहेत. गावात राहिलेल्या धाकटीला त्या वापरायच्या आहेत. आई धाकटीला देते. बहुतेक वाचक ‘भिंत की बिछाना’ एवढंच वाचतात. मला कथेची किल्ली वेगळी वाटते. धाकटीला गोधडी शिवता येते. जुनी फाटली तर ती नवी करू शकते. वारसा वस्तूत नसून तिच्या हातात आहे.

चिंध्या कुणाच्या?

आणखी एक गोष्ट आपण गृहीत धरतो. ‘आठवणींची गोधडी’ म्हणायला आधी कपडे आपले असावे लागतात. ज्यांच्या घरात दुसऱ्यांनी टाकलेले कपडे आले, बलुत्याचा भाग म्हणून मढ्यावरचं कापड आलं, त्यांच्या वाकळीत कुणाच्या आठवणी होत्या? दलित आत्मकथनांनी हा प्रश्न आपल्यासमोर केव्हाच ठेवलाय, पण गोधडीवरचं ललित लेखन त्याच्या वाटेला जात नाही. विदर्भात चिंध्यांना दुसराही अर्थ होता. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. अंगावरच्या चिंध्या त्यांनी लपवल्या नाहीत, सजवल्याही नाहीत.

कसं लिहावं, याचा एक नमुना मराठीत आहे. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये आई टोपल्या विणते. ते तिचं पोट भरण्याचं साधन आहे. तिचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचं नातं लेखिका सांगते, पण बांबूचं काम हे आधी काम राहतं. रूपक त्यानंतर येतं. गोधडीच्या बाबतीत आपण क्रम उलटा केला. रूपक आधी आलं आणि काम आलंच नाही.

आता ऑनलाइन दुकानांत ‘हँडमेड’ गोधड्या मिळतात. नवं कापड मुद्दाम तुकडे करून जोडलेलं, बऱ्याचदा मशीनवर. त्यांना खोटं म्हणायची घाई मी करणार नाही. त्यावर कुणा बाईचं घर चालत असेल तर ते मायेच्या फुकट कौतुकापेक्षा बरं. पण सोबतच्या चिठ्ठीवर ‘आजीची ऊब’ लिहिलेलं असतं, तिथे थांबावं. विचारावं, की आत काय भरलंय? टाके किती अंतरावर आहेत? शिवायला किती दिवस लागले, आणि शिवणारीला किती मिळाले? हेच प्रश्न घरच्या गोधडीलाही विचारावेत. शेवटचा तर जरूर विचारावा, जरी उत्तर शून्य असलं तरी.

नवरात्राआधी बऱ्याच घरांत गोधड्या धुवायला निघतात. पाणी पिऊन त्या इतक्या जड होतात की पिळायला दोघी लागतात. वाळल्यावर खरं कळतं. कुठली सपाट राहिली, कुठलीत गोळे झाले, कुठली कडेला उसवली. दोरीवरून काढताना घरातल्या बायका हे एकमेकींना बिनदिक्कत सांगतात: ही चांगली झाली होती, ही बिघडली, हिच्यात कापडच वाईट होतं. एवढी स्पष्ट समीक्षा मराठीत गोधडीवर अजून तरी छापून आलेली मी वाचलेली नाही.