दुसऱ्या वाचनाची कसोटी

फराळाच्या ताटातून कोणी आधी चकली उचलतो, कोणी करंजी. त्यावरून घरात वाद होत नाही. ज्याची जीभ त्याची आवड, हे आपल्याला मान्य असते. पुस्तकाची गोष्ट निघाली की मात्र आपला स्वतःच्या जिभेवरचा विश्वास उडतो. कोणत्या पुस्तकाला पारितोषिक मिळाले, कोणाच्या किती आवृत्त्या निघाल्या, शेजाऱ्यांच्या कपाटात काय दिसते, याची चौकशी आधी होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्या प्रथेला शतक उलटून गेले. इतकी वर्षे सणासुदीला वाचणाऱ्या समाजाने निवडीच्या बाबतीत असे परावलंबी असावे, याचे नवल वाटते.

माझ्या मते घोटाळा होतो तो वाचणे आणि निवडणे ही दोन कामे एकच समजल्यामुळे. वाचन स्वैर असावे. हाती येईल ते वाचावे, अर्धे टाकावे, मधूनच उघडावे. आपल्याकडे वाचनालये आहेत ती याच स्वातंत्र्यासाठी. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, मुंबईचे १८९८ सालचे. वाचनालयाचा मोठा गुण असा की, तेथले पुस्तक परत करता येते! न आवडल्याचा पश्चात्ताप नाही, की पैसे बुडाल्याची हळहळ नाही.

निवड ही त्यानंतरची गोष्ट. कपाटात कायमची जागा कोणाला द्यावी, हे पहिल्या वाचनात ठरत नाही. पहिल्या वाचनात कुतूहल आपल्याला ओढून नेते. पुढे काय झाले, एवढेच हवे असते. शेवट ठाऊक झाल्यावरही जे पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटते, ते आपले. दुसऱ्या वाचनाची ही कसोटी कोणत्याही परीक्षकाला आपल्या वतीने लावता येत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. त्यांचा पहिला भाग १९३४ साली निघाला. लहानपणी ती वाचणारा वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाला आणि टिळकांच्या विक्षिप्तपणाला पोट धरून हसतो. संसारात पडल्यावर तोच वाचक १८९५ सालच्या धर्मांतराशी येऊन थांबतो. नवऱ्याने धर्म बदलला, बायको दूर राहिली, त्या वर्षांत तिच्यावर काय गुदरले असेल, हे तेव्हा कळते. आणखी काही वर्षांनी ध्यानात येते ते वेगळेच. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या बाईने एवढे सोसूनही कुठे रडगाणे लावलेले नाही. हसवता हसवताच तिने सारे सांगितले आहे. पुस्तकातले एक अक्षर बदललेले नसते, पण वाचणारा बदललेला असतो. ज्या पुस्तकात अशा बदललेल्या वाचकालाही जागा असते, त्याला मी चांगले पुस्तक म्हणतो.

कसोटी ही एकदा धरली की ‘गंभीर’ आणि ‘हलके’ या चिठ्ठ्या निरुपयोगी ठरतात. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० च्या सुमारास ज्या साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली, त्याचे नावच मुळी ‘करमणूक’! वाचकाने घटकाभर मन रमवावे म्हणून ते हाती घ्यावे, आणि यमूच्या वैधव्याची कहाणी वाचून आपल्याच माजघराकडे पाहताना त्याची नजर खाली वळावी, असा तो प्रकार होता. नावावरून पुस्तक पारखणाराला असा ठेवा सहज चुकतो.

उलट, जे पुस्तक आज आपल्याला दाद देत नाही, त्यालाही लगेच बाहेर काढू नये. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘काही कविता’ अनेकांना दुर्बोध वाटल्या; त्यांच्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. आज मराठी कवितेचा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही. न्यायालय निर्दोष ठरवू शकते. गोडी मात्र ज्याची त्याला लागावी लागते, आणि तिला कधी कधी दहा वर्षे लागतात.

कोणी म्हणेल, आयुष्य थोडे, पुस्तके अफाट. एकच पुस्तक दोनदा वाचायला वेळ कोणाला आहे? हिशेब बरोबर आहे, पण तो आपल्याच बाजूचा आहे. सगळी पुस्तके कोणालाच वाचून होत नाहीत. मग शंभर पुस्तकांशी नुसती तोंडओळख ठेवायची, की दहांशी घरोबा करायचा, एवढाच प्रश्न उरतो.

घरातल्या मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘हे वाच, हे संस्कारक्षम आहे’ असे सांगून दिलेले पुस्तक मूल औषधासारखे घेते. पण आई तेच पुस्तक तिसऱ्यांदा काढून बसली आहे आणि एकटीच हसते आहे, हे त्याने पाहिले, तर त्यात काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याला राहवणार नाही. ते पुस्तक त्याला आवडेलच असे नाही. न आवडले तर त्याने तसे बिनदिक्कत म्हणावे आणि आपण ऐकून घ्यावे; अभिरुचीची सुरुवात तेथूनच होते.