कुक्कुटांच्या श्वसनरोगांतील ‘शीघ्र’ निदान : एक चिकित्सा

कुक्कुटरोगांच्या निदानाविषयी आज जे लेखन होते, त्यात ‘शीघ्र’ हे विशेषण इतक्या सहजतेने योजले जाते की, ते गुणवाचक आहे की केवळ कालवाचक, याचा विचार क्वचितच होतो. कोंबड्यांचा जीर्ण श्वसनरोग व त्यास कारणीभूत होणारा मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जंतू यांच्या संदर्भात तो विचार अगत्याचा आहे. हा जंतू अंड्यातून पिलांत उतरतो. त्यामुळे पैदाशीच्या कळपाविषयी दिलेला निर्णय त्या कळपापुरता राहत नाही. बाधित कळप निर्दोष ठरल्यास रोग उबवणी केंद्रातून दूरवर पसरतो; निर्दोष कळप बाधित ठरल्यास पाळणाऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांवर पाणी पडते.

या निदानातील सर्वांत प्रचलित साधन म्हणजे काचपट्टीवरील समूहन-परीक्षा. तिचे कूळ कोंबड्यांच्या पांढऱ्या हगवणीसाठी १९३१ साली शेफर, मॅक्डोनल्ड प्रभृतींनी सिद्ध केलेल्या रंगीत प्रतिजनापर्यंत नेऊन भिडविता येते. रंगविलेल्या प्रतिजनाचा एक थेंब व रक्तरसाचा एक थेंब एकत्र मिसळावयाचे आणि दोन मिनिटांत गुठळ्या होतात की नाही, एवढे पहावयाचे. याउलट, जंतूच्या संवर्धनास तीन आठवडेही लागतात, आणि तेवढ्या अवधीत निरुपद्रवी जातींचे मायकोप्लाझ्मे वरचढ होऊन बसतात. तेव्हा काचपट्टीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. संसर्गानंतर आठवडा-दीड आठवड्यात ती होकारार्थी होते, कारण प्रथम निर्माण होणारे एम वर्गाचे प्रतिपिंड समूहन घडविण्यात विशेष समर्थ असतात. परंतु तिची ही तत्परता व तिचा सैलपणा एकाच मुळातून निघतात. मायकोप्लाझ्मा सिनोव्हिई या भिन्न जातीचा संसर्ग, नुकतीच टोचलेली तेलयुक्त मृत लस, इतकेच काय, गोठवून ठेवलेला रक्तरसही तिला फसवू शकतो. म्हणूनच होकारार्थी रक्तरस विरल करून पुन्हा तपासावा व रक्तसमूहन-निरोध परीक्षेने पडताळावा, असा दंडक आहे. पडताळणीचे हे दिवस परीक्षेच्या ‘दोन मिनिटांत’ कोणीच मोजत नाही!

गणिताने ही अडचण अधिक स्पष्ट होते. समजा, कळपातील ६० पक्षी तपासले. कळपातील ५ टक्के पक्षी बाधित असतील, तर त्यांपैकी निदान एक तरी या नमुन्यात सापडण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. ६० हा आकडा याच हिशेबातून येतो. आता परीक्षेची विशिष्टता ९८ टक्के धरू; म्हणजे १०० निरोगी पक्ष्यांत दोघांनाच ती चुकीने दोषी ठरविते. एकेका पक्ष्यापुरते हे प्रमाण उत्तम वाटते. तथापि पूर्णतः निर्दोष कळपातील ६० नमुन्यांत निदान एक तरी खोटा होकार येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के निघते. प्रत्यक्षात लसीकरणानंतर असे खोटे होकार एकाच कळपात दाटीने येतात, त्यामुळे नुसत्या संख्येवरूनही उलगडा होत नाही. परीक्षेची गुणवत्ता पक्ष्यागणिक सांगावयाची आणि निर्णय मात्र कळपागणिक घ्यावयाचा, हा या विषयावरील लेखनातील मोठा दोष होय.

जनुकांश बहुगुणित करणाऱ्या पीसीआर पद्धतीने हा पेच सुटला, असे मानणे घाईचे ठरेल. श्वासनलिकेतील बोळ्यावरून ती काही तासांत उत्तर देते, हे खरे. परंतु एफ, टीएस-११ अथवा ६/८५ या जिवंत लसींपैकी एखादी दिली असेल, तर केवळ जातीचा जनुकांश ओळखणारी परीक्षा लसीतील वाणालाही होकारच देते. वाण वेगळे ओळखण्यास अनुक्रम-वाचन करावे लागते. शिवाय जुनाट संसर्गात श्वासनलिकेतील जंतूंची संख्या घटते, औषधोपचाराने ती आणखी उतरते; अशा वेळी प्रतिपिंड बोलतात आणि पीसीआर मौन धरते.

संसर्गजन्य सर्दीची गोष्ट वेगळी आहे. तिचा परिपाककाल एक ते तीन दिवसांचा असून अंडी देणाऱ्या कळपाचे उत्पादन झपाट्याने खालावते. तेथे शीघ्रतेला खरोखरच मोल आहे. तिचा कारक जंतू, २००५ पासून ॲव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनॅरम या नावाने ओळखला जाणारा, पोषक जंतूच्या वसाहतीभोवतीच वाढतो, ही त्याची ओळख पाठ्यपुस्तकांतून रूढ होती. व्ही-घटकावाचून वाढणारे वाण दक्षिण आफ्रिकेत आढळल्यावर ती ओळख अपुरी ठरली, आणि सूजलेल्या नासाकोटरातील बोळ्यावर केलेली पीसीआर परीक्षा येथे संवर्धनाहून निःसंशय सरस ठरते. मात्र जातीचे नाव मिळाले म्हणजे लस ठरली, असे होत नाही. पेज याने १९६२ साली केलेल्या अ, ब, क या वर्गीकरणातील एका गटाची मृत लस दुसऱ्या गटापासून संरक्षण देईलच असे नाही, आणि गट रूढ रीतीने ठरवावयाचा तर जंतू जिवंत हाती लागतो. त्यासाठी रक्त-आगराची बशी प्रयोगशाळेत आजही मांडावी लागते.