पडद्यामागचे बाळ, पडद्याबाहेरची चित्रकार

बेर्त मोरिसोच्या ‘पाळणा’ (१८७२) या चित्राला ‘वात्सल्याचे चित्र’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याला घाई असते. मीही बरीच वर्षे तसेच म्हणत आलो. झोपलेले तान्हे, त्याच्यावर पातळ जाळीचा पडदा, शेजारी गालाला हात लावून बसलेली आई. यात उकलायचे ते काय?

आई म्हणजे बेर्तची थोरली बहीण एडमा आणि बाळ म्हणजे तिची मुलगी ब्लाँश. एडमा स्वतः चित्रकार होती. दोघी बहिणींना कोरोचे मार्गदर्शन लाभले आणि १८६४पासून सरकारी सालोंमध्ये दोघींची चित्रे लागू लागली. १८६५च्या सुमारास एडमाने बेर्तला रंगवले, ते हातात कुंचला घेऊन काम करताना. १८६९मध्ये एडमाचे एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न झाले आणि तिचा कुंचला सुटला. बहिणीला लिहिलेल्या पत्रांत मात्र ती मनाने तिच्या स्टुडिओतच वावरते.

ही दोन चित्रे मनात शेजारी ठेवली, तेव्हा ‘पाळणा’ मला वेगळा दिसू लागला. एडमाचा डावा हात गालाशी दुमडलेला आहे, आणि बाळाचा हातही तसाच डोक्याशी वळलेला. ही जुळणी अभ्यासकांनी पूर्वीच टिपली आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो उजवा हात. तो जोजवत नाही, थोपटत नाही. जाळीच्या कडेवर नुसता टेकलेला आहे. (पाळण्याच्या दोरीविषयीचे आपले लाडके सुभाषित इथे कामाचे नाही.) नजर मात्र कसून पाहणारी, पाहण्याची तालीम झालेली. तिला खंत म्हणायला मी कचरतो. त्या चेहऱ्यावर थकवा आहे, मायाही आहे.

रंगकामही याच बाजूने बोलते. बाळाचा चेहरा जाळीमागे धूसर ठेवला आहे. जाळीचा पांढराही निव्वळ पांढरा नाही, त्यात निळसर, करडे, गुलाबी फटकारे आहेत. स्पष्ट उठून दिसते ती गडद पोशाखातली एडमा. चित्र झोपलेल्या बाळाचे खरे, पण बेर्तने जागे ठेवले आहे ते बहिणीला. तेव्हा ती स्वतः अविवाहित होती, आणि बहिणीने सोडलेले काम करत बहिणीसमोर उभी होती.

१८७४मध्ये दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या पहिल्या प्रदर्शनात हे चित्र लागले, पण विकले गेले नाही. ते घरच्यांकडेच राहिले. एडमा १९२१मध्ये वारली. लूव्हरने ते विकत घेतले १९३०मध्ये.