अलिबागचे छायालेख : जतन कशाचे?

मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर धावणार म्हणून चुंबकीय वेधांसाठी १९०४ साली अलिबागेस वेधशाळा उभी राहिली. तेथील जुन्या छायालेखांच्या प्रतिमा घेतल्या की जतन साधले, ही समजूत अपुरी होय. १८५९ च्या सप्टेंबरातील सौर वादळाचे कुलाब्याचे वेध डोळ्यांनी वाचून आकड्यांत उतरविलेले होते व पुढे छापले गेले. २००३ साली त्सुरुतानी व सहकाऱ्यांना त्यांतूनच सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट मांडता आली; आकडा व त्याची वेळ एकाच पानावर होती. छायालेखाचे तसे नाही. एका मिलिमीटरास किती नॅनोटेस्ला, आधाररेषेचे मूल्य किती, घड्याळाची चूक किती, हे रेषेबाहेरच असते. त्यावाचून सर्वोत्तम टिफ प्रतिमाही मुकीच. जेपेग तर बारीक रेषेच्या कडाही पुसट करते.

म्हणून प्रतिमेसोबत साध्या अक्षरांतील आयएजीए-२००२ धाटणीची आकडेवारी हवी. ती कोणत्याही यंत्रावर उघडता येते. मात्र तिच्यात गहाळ नोंद ९९९९९ अशी लिहितात, आणि घाईतला विद्यार्थी तेच मोजमाप समजून सरासरी काढतो! शिवाय मूळ रेषेचा प्रमाणांक व आधारमूल्य देण्याची सक्ती ही धाटणी करीत नाही. शीर्षभागात टीपओळींना मुभा आहे. प्रमाणांक तेथे, आकड्यांच्या माथ्यावरच, लिहिला पाहिजे, वेगळ्या वहीत नव्हे.