भयाने सुधारणा : एका चित्रपटाचे परीक्षण

कलाकृतीने प्रेक्षकाच्या मनावर कोणता परिणाम केला एवढे पाहून टीकाकार बहुधा थांबतो. आणि नाटक-कादंबरीच्या बाबतीत त्याने तेथेच थांबण्यात काही गैरही नाही. ‘शाकुंतल’ पाहून किती राजांनी आपल्या टाकलेल्या बायका परत घरी आणल्या, असा प्रश्न कोणी शहाणा मनुष्य कालिदासास विचारणार नाही. परंतु जी कृती ‘मी सत्य दाखविते, आणि हे सत्य पाहून बिघडलेली मुले सुधारतात’ अशी प्रतिज्ञा करून पुढे येते, तिच्याकडे त्या प्रतिज्ञेचा हिशेब मागणे टीकाकारास प्राप्तच आहे. ‘स्केअर्ड स्ट्रेट!’ हा अमेरिकन अनुबोधपट या जातीचा आहे. ‘भिववून सरळ केलेले’ असा त्याच्या नावाचा अर्थ करता येईल. आर्नोल्ड शपिरो यांनी तो १९७८ साली तयार केला. पीटर फॉक या नामांकित नटाने त्यात निवेदकाचे काम केले. आणि उत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिकही त्यास मिळाले.

चित्रपटाची हकीकत थोडक्यात अशी. न्यू जर्सी राज्यातील रॉवे येथील तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांनी १९७६ साली एक उपक्रम सुरू केला होता. चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या पोरांना काही तास तुरुंगात आणावयाचे आणि त्यांच्या पुढ्यात काय वाढून ठेवले आहे ते त्यांस दाखवावयाचे, असा तो उपक्रम. चित्रपटात अशी सतरा पोरे येतात. आरंभी ती आपल्या पराक्रमांची बढाई मारतात. मग लोखंडी दरवाजा त्यांच्यामागे बंद होतो, आणि धिप्पाड कैदी त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन, अर्वाच्य शिव्या देत, तुरुंगात कोवळ्या पोराचे काय होते ते त्यांस ऐकवितात. परतताना त्याच पोरांचे चेहरे उतरलेले दिसतात. शेवटी निवेदक सांगतो की, तीन महिने लोटले तरी या सतरांपैकी सोळा जण सरळ मार्गावर आहेत.

रचनेच्या दृष्टीने पाहिल्यास या चित्रपटास नावे ठेवण्यास फारशी जागा नाही. आधी पोरांचा तोरा, मग तो ओसरताना दिसणे, आणि शेवटी त्यांचे मौन, ही चढण कोणत्याही नाटककाराने हेवा करावा अशी आहे. आम्ही तो प्रथम पाहिला तेव्हा आमच्याही अंगावर काटा उभा राहिला. इतकेच नव्हे, तर पुढे आमच्या गावच्या एका पालकसभेत, वाह्यात मुलांना एकदा तुरुंगाचे दर्शन घडवावे अशी सूचना निघाली, तेव्हा तिला अनुमोदन देण्यास आम्हीच उभे राहिलो होतो. सुदैवाने ती सूचना कागदावरच राहिली. सुदैवाने असे का म्हणतो, ते आता सांगितले पाहिजे.

रटगर्स विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स फिंकेनॉअर यांनी रॉवेच्या या उपक्रमाचाच पडताळा घेतला. त्यांनी ८१ मुलांची पाहणी केली. त्यांपैकी ४६ मुले तुरुंगात नेण्यात आली, ३५ नेली नाहीत. सहा महिन्यांनी पाहता, न नेलेल्यांपैकी शेकडा ११ मुलांनी पुन्हा गुन्हा केला होता. आणि नेलेल्यांपैकी शेकडा ४१ मुलांनी! या तपासात दोन गटांची वाटणी ठरल्याप्रमाणे काटेकोर राहिली नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून केवळ या एका आकड्यावर आम्ही विसंबलो नसतो. परंतु रॉवेचा तपास धरून अशा एकंदर नऊ प्रयोगांचा एकत्रित आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. हे प्रयोग आठ राज्यांत झाले होते आणि त्यांतील मुलांची संख्या हजाराच्या जवळपास होती. निष्कर्ष असा की, मुलांना असे भय दाखविण्यापेक्षा काहीच न करणे बरे!

मग आम्हांस जे दिसले ते काय होते? आमच्या मते हा घोटाळा रसचर्चेतील एक साधे तत्त्व विसरल्यामुळे झाला आहे. भयानक रसाचा आस्वाद प्रेक्षकास घेता येतो, याचे कारण संकट त्याच्यावर आलेले नसते. रॉवेच्या त्या खोलीत पोरे पात्रे होती आणि प्रेक्षक होतो आम्ही. भय आम्हांस वाटले, त्याचा निचराही आमच्याच मनात झाला, आणि तो झाला म्हणून पोरे शुद्ध झाली असे आम्ही मानून चाललो. पोरांच्या वाट्याला काय आले? चार सोबत्यांदेखत झालेला पाणउतारा. सोळा वर्षांच्या पोरास दहा वर्षांनंतरच्या तुरुंगापेक्षा उद्या सोबत्यांत जाणारी आपली पत अधिक जवळची असते, आणि ती परत मिळविण्याचा एकच रस्ता त्याला ठाऊक असतो. हा आमचा तर्क आहे. पण आकड्यांशी तो जुळतो.

हीच दृष्टी पोरांवरील रात्रीच्या संचारबंदीलाही लावून पाहावी. अमेरिकेत १८८० साली ओमाहा शहरापासून हा उपाय चालत आला, आणि १९९६ साली खुद्द अध्यक्ष क्लिंटन यांनी त्याचा पुरस्कार केला. रात्रीचा निर्मनुष्य रस्ता पाहून वडीलधाऱ्यांच्या जिवाला स्वस्थता वाटते, यात शंका नाही. परंतु बारा अभ्यासांचा जो आढावा २०१६ साली निघाला, त्यात या उपायाने गुन्हे कमी होतात असे आढळले नाही. वॉशिंग्टन शहरात तर बंदी एक तास अलीकडे ओढताच त्या तासातला गोळीबार घटण्याऐवजी वाढलेला दिसला. रस्त्यावरून भली माणसे उठून गेली की पाहणारे डोळेही जातात, ही गोष्ट रिकामा रस्ता पाहून खूश होणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

याच्या उलट, ज्याने खरोखर गुण येतो त्यात पाहण्याजोगे फारच थोडे असते. शिकागो शहरात २०१२ सालच्या उन्हाळ्यात, गुन्हेगारीने ग्रासलेल्या वस्त्यांतील १३ शाळांतून १,६३४ मुलेमुली घेऊन, चिठ्ठ्या टाकून त्यांतील काहींना आठ आठवडे पगारी काम देण्यात आले. जोडीला मार्गदर्शन करणारे एक वडील माणूसही दिले. पुढील सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांबद्दलच्या अटका त्या मुलांत शेकडा ४३ ने कमी झाल्या. इतर गुन्ह्यांत असा निश्चित फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण सकाळी कामावर जाणारा आणि आठवड्याला पगार मोजणारा मुलगा, यावर कोणी चित्रपट काढील काय? आणि काढल्यास त्यास पारितोषिक मिळेल काय?

येथे आम्हांस गांधीजींच्या आत्मकथेतील प्रसंग आठवतो. भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरल्याची कबुली पंधरा वर्षांच्या मोहनदासाने चिठ्ठीवर लिहून वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि त्यांनी ती फाडून टाकली. ज्या रागाची मुलाने अपेक्षा केली होती तो आलाच नाही. हा प्रसंग या चित्रपटावर उत्तर म्हणून फेकण्याचा मोह आम्हांस झाला होता. परंतु तसे करणे म्हणजे त्याच चुकीची पुनरावृत्ती होय. एक गोष्ट आमच्या मनाला भिडते, म्हणून ती सर्व मुलांना लागू पडते असे नव्हे. मग ती गोष्ट भयाची असो वा क्षमेची. वडिलांच्या अश्रूंचे मोल आम्ही कमी करीत नाही. पुरावा म्हणून मात्र ते पुढे करता येत नाहीत.

२०११ ते २०१५ या काळात शपिरो यांनी हाच विषय घेऊन दूरदर्शन-मालिका काढली आणि तीही पुष्कळांनी पाहिली. तोपर्यंत वरील आकडे प्रसिद्ध होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. म्हणून केवळ निर्मात्यास दोष देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. पाहणारा होता, म्हणून दाखविणारा आला. मुलांचे भय पाहून आपल्या मनाला जे समाधान होते, ते मुलांच्या हिताबद्दलचे की आपल्याच संतापाच्या शांतीचे, एवढे प्रत्येक पालकाने स्वतःशी पडताळून पाहावे. आमच्यापुरते बोलावयाचे तर, त्या पालकसभेत दिलेले अनुमोदन आम्ही या लेखाने परत घेत आहो.