‘छिन्नपत्रां’तील नौकावास

रवीन्द्रनाथ म्हटले कीं आपल्या वाचकांस प्रथम ‘गीतांजली’ आठवते, आणि १९१२ सालींच प्रसिद्ध झालेलें ‘छिन्नपत्र’ मागें पडतें. वस्तुतः गद्यकार रवीन्द्रनाथ ज्याला ओळखावयाचे असतील त्यानें याच पुस्तकापासून आरंभ करावा. यांतील बहुतेक पत्रें १८८७ ते १८९५ या काळांत पुतणी इन्दिरादेवी हिला लिहिलेलीं आहेत. (इन्दिरादेवींचे वडील सत्येन्द्रनाथ मुंबई इलाख्यांत न्यायाधीश होते, व त्यांच्याकडे रवीन्द्रनाथ कारवारास राहून गेले होते, एवढाच आपला या पत्रांशीं दूरचा संबंध.) जमीनदारीच्या कामासाठीं शिलाइदह, शाहजादपूर, पतिसर येथील कचेऱ्यांना जावयाचें, आणि वाटेंत व कित्येकदां मुक्कामींही बजऱ्यावर, म्हणजे खोल्या असलेल्या मोठ्या नौकेंत, राहावयाचें, असा त्यांचा क्रम असे.

नावेंत राहणाऱ्याचें घर रोज निराळ्या अंगणांत उभें असतें. या एका सोयीचा लेखकानें किती उपयोग करून घेतला आहे! शाहजादपुरास खिडकीसमोर भटक्या लोकांचा तळ पडतो. चटयांचीं ठेंगणीं पालें, केंस विंचरणाऱ्या बायका, सगळा संसार उघड्यावर. इतक्यांत पोलीस अंमलदार येऊन दरडावूं लागतो. पुरुष नरमतात, पण एक बाई त्याला असें कांहीं फैलावर घेते कीं त्याचा तोराच उतरतो. दुसऱ्या एका पत्रांत सासरीं निघालेली मुलगी घाटावरून नावेंत चढते. ‘समाप्ति’ या कथेचें बीज येथलेंच. शाळेंतील पोरें बांकांसाठीं अर्ज घेऊन येतात आणि पाठ केलेल्या भारदस्त भाषेंत भाषण ठोकतात. शिलाइदहच्या वाळवंटांत घरचीं माणसें संध्याकाळीं फिरावयास जातात, अंधार पडला तरी परतत नाहींत, आणि मग कंदील व हांका यांनीं तो निर्जन किनारा भरून जातो. येथें वर्णन थोडें, पण काळजी खरी आहे.

अशीं पत्रें वाचून झाल्यावर सूर्यास्त व निःस्तब्धता यांचींच वर्णनें असलेलीं पत्रें आलीं कीं मन थोडें कंटाळतें, हें भक्तांचा रोष पत्करूनही सांगितलें पाहिजे. एकच संध्याकाळ पुनःपुन्हां वाचल्यासारखी वाटते. याचा दोष सर्वस्वीं लेखकाकडे मात्र जात नाहीं. इन्दिरादेवींनीं पत्रांच्या नकला करतांना घरगुती मजकूर गाळला. त्या वह्यांतून पुस्तक करतांना रवीन्द्रनाथांनीं आणखी निवड व काटछाट केली. या दुहेरी चाळणींतून जें खालीं पडलें तें बहुधा रोजचें जगणेंच असावें, आणि नौकावासाच्या पुस्तकांत तेंच हवें होतें. १९६० सालीं निघालेल्या ‘छिन्नपत्रावली’नें ही उणीव बरीच भरून काढली, तथापि नकलेंत गाळलेला भाग तींतही नाहीं.

याहून अवघड आक्षेप निराळाच आहे. खिडकीशीं बसलेला हा पाहुणा कांठावरच्या लोकांचा धनी आहे. कुळें वांकून नमस्कार करतात तेव्हां त्यांच्याहून आपण मोठे कसे, या विचारानें त्याला संकोच होतो. तो संकोच खोटा नाहीं. पण नाव पुढें सरकते, आणि सारा मात्र वसूल होतच राहतो. या विसंगतीचें ओझें पत्रांतून वारंवार जाणवतें, आणि माझ्या मतें त्यामुळेंच तीं नुसत्या निसर्गवर्णनाच्या वर उठतात. पण वल्हीं मारणाऱ्यांचें काय? १८९२ च्या जुलैंत गोराई नदीच्या पुलास डोलकाठी अडकून नाव उलटण्याची वेळ आली, तो प्रसंग लेखकानें फार चांगला सांगितला आहे. पाण्याची ओढ, आरडाओरड, मदतीस धांवलेली दुसरी नाव, सर्व डोळ्यांपुढें उभें राहतें. भटक्या बाईच्या जिभेचा तिखटपणा ज्यानें इतका अचूक टिपला, त्याच्याच नावेवरील मल्लाहांच्या घरीं कोण होतें, ते रात्रीं आपसांत काय बोलत, हें मात्र आपल्या हातीं फारसें लागत नाहीं. कांठ त्याला जितका दिसला तितकी स्वतःची नाव दिसली नाहीं.

एक पत्र मात्र सर्व आक्षेपांच्या पलीकडचें आहे. १८९५ च्या डिसेंबरांतील रात्र. सौन्दर्यशास्त्रावरचा एक इंग्रजी ग्रंथ वाचून वाचून लेखक थकतो, निजावें म्हणून दिवा मालवतो, आणि त्याच क्षणीं उघड्या खिडक्यांतून चांदणें आंत कोसळतें. तें बाहेर केव्हांपासूनच उभें होतें.