लोटा काय सांगतो?

चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याचा १९५८ चा अहवाल, ज्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली, तो ठाणे-डोंबिवलीतून हे शिक्षण घेणाऱ्या आमच्या मुलामुलींनी अवश्य वाचावा. साध्या लोट्याला त्यांनी प्रश्न विचारले: तो कमरेवर कसा तोलला जातो, धार कशी पडते, हाताला कसा लागतो? तो कोणा एकाने नव्हे, पिढ्यांनी घडवला, हा त्यांचा निष्कर्ष आम्हांला मान्य आहे. परंतु एक प्रश्न राहून गेला: त्यातले पाणी कोणाच्या ओंजळीत दुरून, वरून ओतले जाई? १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर हाच प्रश्न उभा राहिला होता. वस्तूचे सौंदर्य वाचताना, तिच्या आडून कोणाला दूर ठेवले गेले, हेही वाचले पाहिजे.